दारामागचा चंद्र

१

चंद्र दिसला नाही, तिथून हे सगळं सुरू झालं.

महिन्यातून एकदा आमचा उपग्रह मान वळवून चंद्राकडे बघतो. आमचा म्हणायची आपली सवय. मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. चंद्राचा उजेड किती असायला हवा हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्याच्याकडे बघून यंत्राची नजर किती अधू झाली ते ताडता येतं. चष्म्याच्या दुकानात भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतात, तसंच. एरवी हे यंत्र खाली हवेकडे बघत ओझोन मोजत असतं. पाच वर्षांसाठी पाठवलेलं, एकोणीस वर्षं झाली तरी मोजतंय. त्याला कुणी निवृत्त केलं नाही.

त्या मंगळवारी ते चंद्राकडे वळलं आणि त्याला मिट्ट काळोख दिसला.

याचा अर्थ एकच. यंत्रासमोरचं झाकण, ज्याला आम्ही दार म्हणतो, ते बंद होतं. दार उघडं की बंद हे सांगणारा खटका चार वर्षांपूर्वीच अडकलाय. तो बिचारा कायम 'उघडं' म्हणतो. मग मूळ नोंदी उकरून काढल्या. यंत्राच्या डोळ्यासमोर नऊ दिवस अंधार होता.

आणि त्या नऊही दिवसांचे ओझोनचे आकडे रोज सकाळी हवामानखात्याकडे गेले होते. नीटनेटके, शंका घ्यायला जागा नाही असे.

"बाई, जरा येऊन जाता का?" साहेबांनी फोनवर विचारलं. पूर्वी हेच साहेब माझ्याकडे आकडे तपासायला शिकले. "काम फार नाही. दार उघडायचं राहिलं आणि ते झाकायला मुलीनं आकडे बनवले. हे आकडे खरे नाहीत, हाताने बनवलेत, एवढं तुम्ही लिहून द्या. तुमच्या शब्दाला वजन आहे."

"कुठली मुलगी?"

"धाकटी. तुमचीच ती."

"आणि मी लिहून दिल्यावर?"

"शुक्रवारी मंडळ बसतंय. तिला घरी पाठवतील. मग पुन्हा कुठे नोकरी मिळायची नाही, खोट्या आकड्यांचा शिक्का म्हटल्यावर." ते थांबले. "मलाही बरं वाटत नाही, बाई. पण मी आता दमलोय या प्रकरणानं."

तो बुधवार होता.

२

नियंत्रणकक्षात काही बदललं नव्हतं आणि सगळंच बदललं होतं. पडदे नवे, खुर्च्या त्याच. माझ्या वेळी टेबलाशी दोघं बसायचो, एकानं कमांड वाचायची आणि दुसऱ्यानं बटण दाबायचं. आता काटकसरीत एकच माणूस उरलाय. तोच वाचतो, तोच दाबतो, तोच पेन्सिलीने बरोबरची खूण करतो.

धाकटी खुर्चीत बसली होती. वय चौतीस, पण कक्षात सगळ्यांत लहान म्हणून नाव पडलं ते पडलं. निवृत्तीआधीची दोन वर्षं मीच तिला शिकवलं.

"जेवलीस का?"

"मावशी, तुम्ही चौकशीलाच आलात ना?"

"हो."

"मग आधी ते विचारा. जेवणाचं नंतर."

मी बाजूला बसले. तिने न वळताच सांगितलं. त्या दिवशी उपग्रहाला थोडं वर ढकलायचं होतं. खाली घसरत राहतो, म्हणून अधूनमधून छोटा अग्निबाण पेटवावा लागतो. त्याचा धूर आरशावर बसू नये म्हणून आधी दार बंद करायचं. दुपारच्या फेरीत तिने ते केलं. पुढची फेरी दीड तासाने. उपग्रह आपल्या आभाळात अकरा मिनिटं असतो, तेवढ्यात दोन पानं संपवायची. पहिल्या पानावर बारा कमांड. मग हीटर तापेपर्यंत थांबायचं. दुसऱ्या पानावर चौदा. चौदावी, दार उघडण्याची.

"पहिलं पान?"

"मी केलं."

"दुसरं?"

तिने पडद्याकडे बघितलं. "दुसरंही झालं होतं."

"फाईलमध्ये ते पान नाहीये."

"ठेवलं गेलं असेल, मावशी. कुठेतरी."

तिचा मोबाइल थरथरला. तिने नाव बघून तो पटकन उलटा ठेवला. "शेजारच्या काकू. बाबांना विसरायला होतं हल्ली. चपला घालून निघतात कुठेही."

"उचल की."

"खुर्चीवर असताना फोन उचलायचा नाही. खुर्ची सोडली तर नोकरी गेली, असा नवा नियम आहे." ती हसल्यासारखं करून थांबली. "तशीही जाणारच आहे म्हणा."

उपग्रह क्षितिजावर आला. तिने एक साधी कमांड पाठवली, आणि मी श्वास घेते तोवर पडद्यावर हिरवी ओळ उमटली.

"हे काय?"

"पोच आली. दोन सेकंदांत येते. नवी अँटेना."

"आमच्या वेळी तीस मोजावे लागायचे," मी म्हटलं. "पोच आल्याशिवाय पुढची कमांड नाही. हळू आवाजात मोजायचं, एक ते तीस."

"आपले कक्षातले मामा सांगतात ना. रोज सांगतात." पहिल्यांदाच तिच्या ओठांवर खरं हसू आलं. "मावशी, एक ऐका. चंद्र दिसत नाही हे मीच साहेबांना सांगितलं. आकडे बनवणारी बाई स्वतः जाऊन असं सांगेल?"

मी हेच साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "कधीतरी सापडणारच होतं. आधी सांगितलं की माणूस साळसूद दिसतो."

दोन्ही म्हणणी पटत होती. माझ्या वयाला असं फार होतं.

३

गुरुवारी सकाळी मी नऊ दिवसांचे आकडे कागदावर छापून घेतले. पडद्यावर मला आकडे दिसतात, पण कळत नाहीत.

मामाने चहा आणून ठेवला. हा आमचा नियोजक. कुठल्या दिवशी कुठली कमांड जायची ते ठरवणारा. माझ्याहून सात वर्षांनी लहान, चार महिन्यांनी निवृत्त होणार. मिशा पिकल्यापासून सगळे मामाच म्हणतात, मीसुद्धा.

"ताई, कशाला या उन्हातान्हात धडपडताय? साहेबांना हवं ते लिहून द्या आणि घरी जाऊन पडा."

"तुला काय वाटतं, पोरीनं केलं असेल?"

"मला आता काही वाटायचं बंद झालंय. साडेचार वाजले की घर दिसतं, बस." त्याने माझ्या हातातला कागद हात लांब करून, डोळे बारीक करून बघितला. "काय बघताय यात?"

"चष्मा लाव की. खिशात डबी आहे ना तुझ्या."

"असू दे. डोकं दुखतं त्यानं." त्याने खिशावर हात ठेवला आणि कागद परत दिला.

तो गेल्यावर मी पुन्हा सुरुवातीपासून बघायला लागले. दर दिवसाची एक ओळ, ओळीत पाच आकडे, पृथ्वीच्या पाच पट्ट्यांचे. उत्तरेकडचे जास्त, मधल्या पट्ट्यात कमी, सगळं ऋतूला धरून. बनवलेले म्हणावेत तर बनवणाऱ्याला विषय फार चांगला कळत होता.

चौथ्या ओळीनंतर पाचवी वाचली आणि बोट तिथेच थांबलं. पाचही आकडे तेच. दशांशासकट.

हवा अशी वागत नाही. एक पट्टा कधी जुळेल, पाचही एकाच दिवशी जुळत नाहीत. मी एकेचाळीस वर्षांत असं एकदाच बघितलं होतं, आणि ते आभाळात नव्हतं. एका जाड, निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत होतं.

हे आकडे धाकटीने बनवले नव्हते. ते माझ्या वहीतले होते.

४

एकतीस वर्षांपूर्वी, पहिल्या उपग्रहाची दहा वर्षं पुरी झाली तेव्हा, मी वर्षातल्या प्रत्येक दिवसाची सरासरी काढून एक तक्ता केला. तीनशे सहासष्ट ओळी, सगळ्या हाताने. त्यात एक दिवस दोनदा उतरला गेला आणि पुढचा दिवस सुटला. मला ते महिन्याभराने कळलं. मी दुरुस्त केलं नाही. का, ते पुढे सांगते.

आता प्रश्न असा की माझी वही अंतराळातून खाली कशी आली.

संगणकाचं बघणारा माणूस तळघरात बसतो. दोन चष्मे लावतो, एक नाकावर आणि एक कपाळावर, म्हणून चष्मेवाला. त्याच्या टेबलावर तीन दिवसांचे कप होते.

"मला काही विचारू नका हो," तो म्हणाला. "नवे पडदे बसवून महिना झालाय, आणि रोज कुणीतरी येऊन म्हणतं की जुनं चांगलं होतं."

"जुनं चांगलं होतं का?"

"जुनं कुणाला कळतच नव्हतं."

"एक सांग. एखाद्या दिवशी आकडे आलेच नाहीत, तर हवामानखात्याकडे काय जातं?"

"रिकामी जागा." तो थांबला. त्याने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "म्हणजे, जायला हवी."

"बघतोस?"

अर्धा तास गेला. मी कप गोळा करून मोरीत ठेवून आले. परत आले तेव्हा तो खुर्चीत मागे रेलला होता.

"आधीच्या माणसानं करून ठेवलंय. बारा वर्षांपूर्वी. हवामानखात्याचं यंत्र रिकामी जागा दिसली की बंद पडायचं, म्हणून. आकडे नसतील तिथे एका जुन्या तक्त्यातली ओळ आपोआप भरली जाते. कुणी सांगायला नको."

"आणि भरलेल्या ओळीपुढे काही खूण?"

त्याने दोन्ही डोळे चोळले. "ठिपका. छोटा ठिपका यायचा. नवे पडदे करताना मी सगळ्यांना विचारलं होतं, हा ठिपका कशाचा. कुणालाच सांगता येईना. म्हणून काढून टाकला."

"मला विचारायचंस. मी शोधून काढलं असतं."

"तुम्ही निवृत्त होता ना, बाई."

त्याच्याकडून तेवढं लिहून घेऊन मी साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"ठीक. आकडे तिने बनवले नाहीत. हा डाग गेला." त्यांनी खणातून दुसरा कागद काढला. "पण दार तिनेच उघडलं नाही, आणि पान फाडून टाकलं. नऊ दिवस पृथ्वीकडे बघणारं दुसरं कुणी नव्हतं, बाई. ते दिवस आता परत यायचे नाहीत. खुर्चीवर नाव तिचं. शिक्षा तीच राहणार."

"हा कागद कसला?"

"त्या फेरीत उपग्रहाला कुठली कमांड कधी पोचली, त्याची त्याने स्वतः ठेवलेली नोंद. बघा हवं तर. सव्वीसपैकी पंचवीस पोचल्या. शेवटची नाही."

५

तो कागद मी घरी आणला नाही. बाहेरच्या बाकावर बसूनच वाचला, कारण घरी नेला असता तर झोपले असते.

पहिल्या बारा कमांड एका मिनिटात गेल्या होत्या. पाच पाच सेकंदांवर एक. हात धाकटीचा, पोच आली की लगेच पुढची. मग हीटर तापायची वाट. साडेचार मिनिटं झाली तेव्हा दुसरं पान सुरू झालं.

त्या पानावरची पहिली कमांड. तीस सेकंद. दुसरी. तीस सेकंद. तिसरी. पुन्हा तीस.

मी शेवटपर्यंत बोट नेलं. एकही एकोणतीस नाही, एकही बत्तीस नाही. साडेसहा मिनिटांत तेरा कमांड बसल्या, आणि चौदावीच्या आत उपग्रह क्षितिजाखाली गेला. पाच सेकंदांनी दाबणाऱ्या माणसाला तेच पान सव्वा मिनिटात संपवता आलं असतं. उरलेला वेळ बसून जांभया देता आल्या असत्या.

पोच दोन सेकंदांत येत असताना तीस मोजणारी माणसं आता जगात दोनच राहिली होती. त्यातली एक या बाकावर बसली होती.

मी आत गेले आणि धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला.

"त्या दिवशी काकूंचा फोन आला होता. हीटर तापत असताना."

तिने उलट्या ठेवलेल्या मोबाइलवर हात ठेवला.

"बाबा सापडले का लगेच?"

"चौकापर्यंत गेले होते," ती म्हणाली. "मामा तिथेच उभे होते. म्हणाले, जा तू, पान मी पुरं करतो. मी वीस मिनिटांत आले. विचारलं, झालं का? ते म्हणाले, झालं."

"आणि हे तू कुणाला सांगितलं नाहीस."

"काय सांगू? खुर्ची मी सोडली. आणि त्यांनी केलंच होतं की सगळं. यंत्र म्हातारं आहे, त्यानं ऐकलं नसेल. त्यांचे चार महिने राहिलेत, मावशी. त्यांना कशाला ओढायचं?"

साडेचारला पाच मिनिटं कमी होती.

६

मामा पिशवी आवरत होता. मी दार लोटून घेतलं आणि त्याच्या समोरच्या खुर्चीत बसले.

"चष्म्याची डबी उघड."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली, उघडली नाही.

"पुढच्या फेरीत दार उघडायचं म्हणून पान खिशात घातलं, ताई. दीड तासाने यायची होती फेरी. तेवढ्यात साडेचार वाजले. मी घरी गेलो." तो अगदी सपाट आवाजात बोलत होता. "रोजच्यासारखा गेलो. बसमध्ये झोप लागली. पान आहे हे त्या मंगळवारपर्यंत आठवलं नाही. नऊ दिवस तेच घेऊन फिरत होतो."

"आणि मंगळवारनंतर?"

"काल सकाळी ठरवलं की आज सांगायचं. आज सकाळीही तेच ठरवलं."

"तिला 'झालं' का म्हणालास?"

"ती घाबरून आली होती. बापाचा हात धरून रस्ता ओलांडून आली होती. एक राहिलीय, पुढच्या वेळी मीच टाकतो, हे सगळं सांगण्यापेक्षा 'झालं' सोपं होतं." त्याने डबी माझ्याकडे सरकवली. "तीस का मोजले म्हणून विचारणार असाल, तर मला मोजलेलं आठवतही नाही. हात ठेवला की आपोआप सुरू होतं."

मी डबी उघडली. चष्मा नव्हताच आत. चौघडी केलेलं पान होतं, पेन्सिलीच्या तेरा बारीक खुणा असलेलं.

"माझी आई गेली तेव्हा मी पंधरा दिवस नव्हते," मी म्हटलं. "तुला आठवतं? तक्ता अर्धवट होता. मी काही न सांगता तू माझ्या जागेवर बसून तेवढ्या ओळी भरल्यास."

"आठवतं."

"त्यात तू एक दिवस दोनदा उतरवलास."

त्याने पिशवीचा बंद सोडला. "मला कधी बोलला नाहीत."

"तुझी नोकरी तेव्हा पक्की व्हायची होती. आणि मी तुझी ऋणी होते. म्हणून गप्प बसले. गप्प बसले म्हणून ती ओळ तशीच राहिली, आणि आज तिनंच पोरीला अर्धं सोडवलं. उरलेलं अर्धं तुझ्या हातात आहे. मी आता साहेबांकडे जाऊ शकते. पण मला जायचं नाही, मामा. मला खरंच फार दमायला झालंय."

त्याने पान उचललं. पिशवी तिथेच ठेवून तो जिना चढून वर गेला. मी पायऱ्या मोजल्या. मध्ये एकदा तो थांबला, मग पुन्हा चढला.

७

शुक्रवारी मंडळ बसलं ते अर्धा तासच. धाकटीला खुर्ची सोडल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. काटकसर रद्द होऊन खुर्चीशी पुन्हा दोन माणसं बसवायचं ठरलं. ठिपका परत आला. मामाला त्याच दिवसापासून घरी बसायला सांगितलं. चार महिन्यांचं सोडा, निरोपाचा चहासुद्धा नाही. कुणी कठोरपणे बोललं नाही. कठोर बोलायलाही जोर लागतो.

दार उघडायचं अजून बाकी होतं. यंत्राची सगळी तपासणी झाल्याशिवाय साहेबांना हात लावायचा नव्हता. दुपारच्या फेरीला त्यांनी मला थांबायला सांगितलं, आणि मामा जिन्यात दिसला तेव्हा त्यालाही. "या, आत या," एवढंच म्हणाले.

धाकटी खुर्चीत बसली. दुसऱ्या खुर्चीवर अजून कुणी नेमलं नव्हतं, म्हणून मी बसले. मामा आमच्या मागे, हातात पिशवी घेऊन उभा राहिला. धाकटीने वळून त्याच्याकडे बघितलं.

"मामा, वाचता का?"

"मी?"

"एकानं वाचायची, एकानं दाबायची. तुम्हीच सांगता ना रोज."

त्याने खिसा चाचपला, डबी रिकामी होती, चष्मा घरीच राहिला होता. मी माझा चष्मा काढून दिला. त्याने तो नाकावर ठेवला आणि ते चौघडी पडलेलं पान डोळ्यांजवळ धरलं.

"चौदावी," तो म्हणाला. "दार उघड."

तिने बटण दाबलं. दोन सेकंदांत हिरवी ओळ आली. तळघरातून चष्मेवाल्याचा फोन आला की उजेड दिसतोय, आकडे येतायत, खरे. साहेबांनी खुर्चीच्या पाठीला हात टेकला. धाकटीने मान खाली घातली आणि कुणाला दिसणार नाही असं नाक पुसलं.

मागून मात्र अजून हळू आवाज येत होता. सतरा, अठरा, एकोणीस. आणि माझ्या लक्षात आलं की माझे ओठही हलतायत. मी त्याला थांबवलं नाही, स्वतःलाही नाही. एकोणतीस झाले, तीस झाले, मग त्याने धाकटीची पेन्सिल घेऊन पानावर शेवटची खूण केली, माझा चष्मा मला परत दिला आणि पिशवी उचलली.